खुराड्यातला अजगर

कामठ्याला आमच्या घरी कोंबड्यांच्या खुराड्यात अजगर शिरला. कोंबडी गिळून एवढा फुगला, की आला त्या फटीतून बाहेर निघेना.

माझा दीडशहाणा भाचा पुण्यात बोआ नावाचा परदेशी अजगर पाळतो. तो लगेच फोनवर शिकवू लागला, "आजी, मारू नको. गरीब जात आहे. खातो, ऊब बघून पडून राहतो. कुणाच्या अध्यात ना मध्यात!"

आईने ओसरीकडे पाहिलं. बाबा जेवून खाटेवर आडवे झाले होते. अख्खं गाव अंगणात गोळा झालं, तरी त्यांनी कूस बदलली नव्हती.

तेवढ्यात सर्पमित्र पोतं घेऊन आला. आईने त्याला विचारलं, "काऊन भाऊ, एकच आणलं?"