घोडीची झूल आणि कालचा आकडा

आमच्या घरी एक टांगा होता आणि एक घोडी. घोडीला चार झुली होत्या. एक जुन्या लुगड्याची, पातळ, माश्या बसू नयेत म्हणून. दुसरी गोणपाटाची, आतून धोतराचं अस्तर लावलेली. तिसरी घोंगडीची, कडाक्याच्या थंडीसाठी. चौथी मेणकापडाची, टांगा पावसात उभा राहिला तर पाठीवर टाकायला. कोणत्या संध्याकाळी कोणती झूल घालायची, हा प्रश्न वडील रोज विचारत. मला त्यांनी तो कधी विचारला नाही. वहिनीला विचारत.

घर हर्सूलच्या रस्त्याला होतं. आमचं घराणं मूळचं मेंढ्यांचं. पोलीस ॲक्शननंतर वर्षा-दोन वर्षांत आजोबांनी मेंढ्या विकल्या आणि टांगा घेतला. पुढं तो वडिलांनी चालवला. वडिलांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा लगाम मोठ्या भावाच्या हाती आला. मी शिकलो आणि गावातल्या एका दैनिकात उपसंपादक झालो. आई तोवर गेली होती.

वडील ओसरीतल्या बाजेवर पडून असत. नजर अधू झाली होती. घोडीचं पत्र्याचं छप्पर बाजेपासून दहा पावलांवर, उत्तरेकडून उघडं. दादा संध्याकाळी टांगा सोडून घोडीला खरारा करी. मग वडील खाकरत आणि हाक मारत, "सूनबाई, आज काय घालायचं?"

वहिनी पैठणकडची. तिचे वडील तेव्हाही मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरत. बिऱ्हाड तट्टांवर लादलेलं असे, आणि त्या तट्टांची निगा लहानपणापासून तिच्याकडे होती. ती हात पुसत छपरात जाई, घोडीच्या कानाच्या बुडाशी हात लावी, मग झुलीखालून खांद्यावर. घोडीला कानाला हात लावलेला आवडत नसे. ती मान झटकी आणि गळ्यातलं घुंगरू वाजे. नंतर वहिनी बाहेर येऊन सांगे.

"गोणपाट, मामा. वारं पडलंय."

"घाल."

एवढंच बोलणं. हंगाम पालटताना ते थोडं लांबे. महाशिवरात्रीच्या आसपास दुपारी ऊन भाजतं आणि पहाटे गार होतं. अशा दिवसांत जाड झूल घातली तर घोडी आत घामेजते आणि पहाटेच्या वाऱ्यानं तोच घाम गार पडतो. घोडी भिजून किंवा घामेजून आली तर वहिनी तिच्या पाठीवर आधी कोरडं गवत पसरी आणि त्यावर गोणपाट टाकी. गवतातून वारा खेळतो, अंग सुकतं, झूल ओली होत नाही. हे वडिलांनाही आधी माहीत नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी ते ऐकलं तेव्हा दादाला म्हणाले, "चाळीस वर्षं घोडी राखली, पर हे डोक्यात आलं नाय." त्या आवाजात कौतुक होतं. माझी नोकरी लागली तेव्हाही मी तो आवाज ऐकण्याची वाट पाहिली होती.

मी एकदा प्रयत्न केला. वेधशाळेतून रोज सकाळी कार्यालयात फोन यायचा आणि तापमानाचा आकडा मीच उतरवून घ्यायचो. घरी येऊन सांगितलं, "आबा, थंडी वाढणार आहे."

"छापलंय का तसं?"

"उद्या छापून येईल."

"मग घोडीला वाचून दाखव."

दादा हसला. वहिनी हसली नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

तेव्हाच्या मनाची नोंद करायची तर मी वहिनीवर जळत होतो. ती माझं ताट वाढायची, शर्टाचं बटण लावून द्यायची, पेपरात आज काय म्हणून विचारायची. माझं लक्ष मात्र तिच्या हाताकडे असे. एकदा मी चारही झुली मुद्दाम वेगळ्या खुंट्यांवर टांगल्या. तिनं संध्याकाळच्या अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून हवी ती काढली आणि बाकीच्या जागच्या जागी लावल्या. कोणी हलवल्या, हे विचारलंसुद्धा नाही.

फाल्गुनात वहिनीच्या भावाचं लग्न निघालं. दादा आणि ती दुपारच्या एसटीनं पैठणला गेले, दुसऱ्या दिवशी परतणार होते. वडिलांसाठी मी रजा घेतली. निघताना वहिनी छपराकडे बघत म्हणाली, "भावजी, ढग दिसायलेत. घोंगडी नका घालू. कान बघा अन् मग ठरवा. दक्षिणेचं वारं असलं तर पातळच."

"ठाऊक आहे मला," मी म्हणालो.

संध्याकाळी हवा कोंदट होती. मला ते जाणवत होतं, कारण सदरा पाठीला चिकटला होता. तरी मी आत जाऊन पेपर उघडला. किमान तापमानाचा आकडा बराच खाली होता. तो आदल्या दिवशी मीच फोनवर उतरवून घेतला होता, म्हणजे तो आदल्या पहाटेचा होता. त्यानंतर हवा पालटली होती. रोज हा आकडा छापणाऱ्या माणसाला हे समजायला हवं होतं. समजत होतंही. पण वहिनीनं पातळ सांगितली होती आणि पेपर माझ्या बाजूनं होता.

वडिलांनी खाकरून विचारलं, "काय घालतोस?"

तिच्या गैरहजेरीत का होईना, पहिल्यांदाच मला विचारलं होतं.

"घोंगडी. थंडी आहे, आबा."

"मला तर उकडायलंय. कान बघितलेस का?"

मी छपरात घोडीपासून हातभर अंतरावर उभा होतो. कानाला हात लावणं ही वहिनीची रीत होती. "बघितले," मी म्हणालो.

वडिलांनी छपराच्या दिशेनं कान दिला. मग म्हणाले, "एकदा परत बघ, बाबा."

"बघितले म्हटलं ना."

मी घोंगडीची झूल चढवली, पट्टा आवळला आणि ओसरीत आलो. वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं.

पहाटे अवकाळी सर आली. वारा फिरून उत्तरेकडून घुसला आणि पाऊस आडवा छपरात शिरला. मी धावलो तेव्हा घोडी मान खाली घालून थरथरत होती. झूल वरून पावसानं आणि आतून घामानं भिजली होती. ओल्या लोकरीचं ते ओझं मला एकट्याला उतरवता येईना. शेजारचे म्हातारे टांगेवाले चाचा आले, त्यांनी दुसरी बाजू धरली. झुलीखालच्या अंगातून वाफा निघत होत्या. चाचांनी झूल पिळून बघितली आणि माझ्याकडे वळले.

"क्या साब, घोडी कू अखबार ओढाये थे क्या?"

दुपारी वहिनी आणि दादा आले. घोडीनं चंदीला तोंड लावलं नव्हतं. ती खोकत होती. वहिनीनं लग्नातलं लुगडंही बदललं नाही. कोरडं गवत, त्यावर गोणपाट, पोटाखालून सैल बांधणी. मग कानाच्या बुडाशी हात. घोडीनं मान झटकली नाही.

"भावजी, कान बघितले व्हते?"

उत्तर ओसरीतून आलं. "व्हय. बघितले म्हणाला मला."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. पाहणं क्षणभराचंच होतं. मग मोठ्यानं म्हणाली, "कान फसवतात कधीमधी, मामा. माझ्या बापाला बी फसवलंय."

कान तिला कधी फसवत नसत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिनं मला वाचवलं. मी आभार मानले नाहीत. आता ती झुलींच्या बाबतीत माझ्यापेक्षा सरस होती आणि माणूस म्हणूनही. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जड गेली.

जनावरांच्या डॉक्टरांनी सुई दिली. टांगा चार दिवस उभा राहिला. दादानं छपराच्या उत्तरेच्या बाजूला बांबूच्या तट्ट्या ठोकल्या. पाचव्या दिवशी घोडीनं चंदी संपवली आणि तोबऱ्यात नाक घालून फुरफुरली. दादानं ते ओसरीत येऊन सांगितलं. वडिलांनी उजवा हात छातीवर ठेवला.

त्या संध्याकाळी त्यांनी खाकरून हाक मारली. हाक माझ्या नावाची होती.

"तू सांग. आज काय घालायचं?"

वहिनी चुलीपाशी होती. तिनं बाहेर बघितलं नाही. मी छपरात गेलो आणि घोडीच्या कानाच्या बुडाशी हात लावला. तिथं कोमट होतं, कोरडं होतं. हात झुलीखालून खांद्यावर नेला. घोडीनं जोरात मान झटकली आणि गळ्यातलं घुंगरू वाजलं.

"गोणपाट, आबा."

वडील बाजेवर किंचित उठून बसायला बघत होते. त्यांची अधू नजर माझ्याकडे नव्हती, छपराच्या अंदाजानं कुठंतरी होती.

"आज वाजलं घुंगरू," ते म्हणाले.

मी "बघितले" म्हणालो त्या संध्याकाळी ते वाजलं नव्हतं. बाजेवरून उठता न येणारा माणूस तेव्हापासून सगळं जाणून होता, आणि वहिनीचं खोटंही त्यानं तसंच ऐकून घेतलं होतं. मी झुलीला हात घातला.

तेवढ्यात ते चुलीकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तू काय म्हणतीस?"

"भावजी म्हणतेत तेच, मामा."

"मग घाल."

मी घातली. पट्टा बांधताना माझे दात आवळलेले होते.