हिच्या मामांची नखं

आमच्या हिच्या मामांना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्या माणसाच्या दर्शनाला मी जयपूरहून जैसलमेरपर्यंत पायी जायला तयार आहे. मामा बसलेले असले तरी त्यांचा एखादा तरी अवयव कुठेतरी निघालेला असायचा. पाय हलायचा, मान डोलायची, बोटं चहाच्या बशीवर, खिडकीच्या गजावर, वेळप्रसंगी शेजाऱ्याच्या गुडघ्यावर वाजत राहायची. आणि ही सगळी चळवळ एका अवाढव्य देहातून. मामा मूळचे मिरजेचे, विमा कंपनीत अधिकारी, बदलीनं जयपूरला आले आणि पुढच्या बदल्या कशा टाळल्या देव जाणे, पण तिथेच राहिले. माझी पहिली मोठी नोकरी जयपूरला लागली आणि नव्या नवरीला घेऊन मी तिथे पोचलो, तेव्हा त्या शहरात आमचं म्हणावं असं हे एकच घर होतं. स्टेशनवर घ्यायला आलेले मामा मला प्रथम दिसले ते पाठमोरे. सैल झब्बा, भरदार खांदे आणि त्या खांद्यांवर रुळणारे काळेभोर कुरळे केस. मी त्यांना मामी समजून मागूनच नमस्काराला वाकलो. मामा वळले, मला वाकलेला पाहिलं आणि म्हणाले, "जावई, पाय पुढच्या बाजूला आहेत."

घर बदलणं हा त्यांचा आवडता विषय होता. मुरलीपुऱ्यातलं घर सोडलं, कारण शेजारच्या कारखान्यातलं यंत्र छान लयीत चालता चालता मध्येच एक मात्रा खायचं. त्यानंतरच्या घरात आवाज घुमायचा म्हणून ते सोडलं, आणि त्याच्या पुढच्या घरात घुमायचा नाही म्हणून तेही. शेवटी दुर्गापुऱ्यात, शेतकी संशोधन केंद्राच्या मागच्या गल्लीत त्यांनी मुक्काम टाकला. पण तिथेही कपाटं, पलंग आणि सोफा यांची बदल्यांची यादी निघतच असे. आपण गेल्या खेपेला जिथे बसलो होतो तिथे या खेपेला फ्रिज उभा असायचा. "स्वयंपाकघर तेवढं वाचलंय," मामी म्हणायच्या, "गॅसची नळी पुरत नाही म्हणून." मामी अतिशय शांत बाई. घरात एवढं वादळ असल्यावर दुसऱ्यानं शांत राहायचं, असं बहुधा लग्नातच ठरलं असावं.

हा सगळा खटाटोप सरोदासाठी होता. मामा सरोद वाजवायचे. थोर कलावंत होते असं मी म्हणणार नाही, तेही म्हणायचे नाहीत; पण सकाळी ऑफिसला जायच्या आधी तासभर सरोद झाला नाही, तर त्या दिवशी विम्याचा दावा घेऊन येणाऱ्यांचं काही खरं नसे. सरोदाला सतारीसारखे पडदे नसतात. डाव्या हाताच्या नखाच्या कडेनं तार दाबायची आणि पोलादाच्या गुळगुळीत पट्टीवर नखानंच स्वर शोधत सरकायचं. त्यामुळे मामांचा जीव डाव्या हाताच्या नखांत होता. खिशात कायम कानस. मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सिग्नलला गाडी थांबली की, घास घास घास. नारळ फोडणं, डबा उघडणं, लसूण सोलणं ही कामं त्यांना वर्ज्य होती. कुणी जोरात हस्तांदोलन करायला आलं तर मामा लगबगीनं नमस्कार करायचे. त्यांची मुलगी जयपूरलाच वाढलेली, कॉलेजात होती. ती म्हणायची, "बाबांचा ना, एक हात मतलब आपल्या घरचा आहे आणि एक हात संगीतवाला आहे. संगीतवाल्याला काही काम सांगायचं नाही."

अडचण एकच होती. सरोद मांडीवर ठेवून वाजवायचा, आणि मामांची मांडी त्यांच्याच पोटाखाली गेलेली होती. दर वर्षी पोट एक पाऊल पुढे यायचं आणि सरोद एक पाऊल लांब जायचा. हात पुरेनात तेव्हा मामांनी उपरण्यानं तो कमरेला बांधायला सुरुवात केली. अशाच बांधलेल्या अवस्थेत ते एका वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत वाजवायला बसले. वाजवणं रंगलं, लय चढली आणि उपरण्याची गाठ सुटली. सरोद त्या पोटाच्या उतारावरून सावकाश घसरत, स्टेजच्या कडेवरून पहिल्या रांगेत बसलेल्या मंडळाच्या सचिवांच्या मांडीवर गेला. लोकांनी शेवट समजून टाळ्या वाजवल्या. मामांना उठता येईना. मी आणि आणखी दोघांनी मिळून त्यांना उभं केलं. तेव्हा त्यांच्या छातीचा भाता असा चालत होता की मला भीती वाटली. घरी जाताना रिक्षात त्यांची बोटंसुद्धा गप्प होती.

साखर, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं या सगळ्यासाठी डॉक्टर कधीपासून पोट लहान करण्याचं ऑपरेशन सुचवत होते. मामींनी विनवून पाहिलं होतं. मामा दाद देत नव्हते. गणपतीनंतर मात्र ते आपणहून म्हणाले, "पोट आणि सरोद दोघांना एकाच मांडीवर बसायचंय. एकाला उठवतो." दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. जो माणूस एका बैठकीत कांद्याच्या कचोऱ्यांचा ढीग संपवायचा, तो आता वाटीभर डाळीचं पाणी चमच्यानं पिऊ लागला. पाहता पाहता मामा उतरू लागले. झब्बे आधी सैल झाले, मग तंबू झाले, मग मामींनी त्यांचे उशांचे अभ्रे शिवले. मांडी पुन्हा उजेडात आली आणि सरोद तिच्यावर येऊन बसला. पण पूर्वी त्या देहाच्या वजनानं थोडा तरी आवर घातलेला होता, तोही गेला. मामा आता जिने चढायचे ते कुणाकडे जायचं म्हणून नव्हे, जिना दिसला म्हणून.

मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस जायला लागले. आधी कंगव्यात, मग उशीवर, मग न्हाणीघराच्या जाळीत एवढे की पाणी तुंबायचं. मामांनी आधी जयपूरच्या खाऱ्या पाण्याला दोष दिला, मग साबणाला, मग मामींच्या उशांना. कांद्याचा रस, जास्वंद, मेथी, कुणी सांगेल ते डोक्यावर थापून ते घरभर फिरायचे; आपण गेलो की वासावरून ते कुठल्या खोलीत आहेत ते कळायचं. केसांचं दुःख त्यांनी थट्टेवारी नेलं. पण पाठोपाठ नखं गेली. नखांचे पापुद्रे सुटू लागले. कानस लावली की भुगा पडायचा. एका सकाळी मी तिथे असतानाच तार दाबता दाबता मधल्या बोटाचं नख उभं चिरलं, थेट मांसापर्यंत. मामांनी बोट तोंडात घातलं आणि सरोदाकडे असं पाहिलं, की जणू घरातलं कुणी ओळख द्यायचं विसरलं आहे.

त्यानंतर त्यांनी जे उद्योग केले ते सांगायला लाज वाटावी असे आहेत. मुलीची प्लास्टिकची नखं चिकटवून पाहिली. त्यातलं एक तान घेताना उडून मामींच्या आमटीत पडलं. तुटक्या नखांवर गोंदाचे थर दिले, तर बोट तारेला चिकटून बसलं. शेवटी सर्जनना फोन करून म्हणाले, "साब, मेरा पेट वापस दे दीजिए." सर्जन हसले. मामा हसत नव्हते. जेवण आणखी कमी झालं, बोलणं वाढलं, आणि घरातलं फर्निचर दिवसाआड जागा बदलू लागलं.

एका दुपारी मला ऑफिसात फोन आला. नंबर मामांचा, आवाज अनोळखी. आग्रा रोडवर, बस्सीच्या अलीकडे चहाचं दुकान चालवणारा एक माणूस बोलत होता. तुमच्या घरचे एक गृहस्थ रस्त्याच्या कडेला पडले होते, त्यांना आत आणून निजवलं आहे, लवकर या. मी दुर्गापुऱ्याहून मामींना घेतलं आणि निघालो. सबंध रस्ताभर मामी समोर बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "सकाळी बँकेत जातो म्हणाले होते." दुकानामागच्या खाटेवर मामा पडलेले होते. चेहरा पांढरा, ओठ सुकलेले. बस्सीला कुणी केसानखांचं तेल देतो असं त्यांना कळलं होतं. बस फार थांबत होती, म्हणून मामा तिच्यातून उतरून चालत निघाले, तेही उपाशी. तेल घेऊन परत चालत येताना डोळ्यांपुढे अंधारी आली. हिरव्या तेलाची बाटली मात्र उजव्या हातानं छातीशी धरलेली होती. मामींनी ती काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि पिशवीत ठेवली.

हॉस्पिटलात सलाईन लागलं, रक्त तपासलं. लोह कमी, प्रथिनं कमी, सगळंच तळाला गेलेलं. ऑपरेशनच्या वेळचीच आहारतज्ज्ञ, एक तरुण मुलगी, तिथे होती. तिनं रिपोर्ट पाहिला, मामांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "अंकल, जो पाउडर और गोलियाँ मैंने लिखी थीं, वो आप किसे खिला रहे हैं?" मामा छताकडे बघू लागले. पावडरीला खडूची चव येते म्हणून ती रोज बोगनवेलीच्या कुंडीत जात होती. गोळ्यांनी ढेकर येतात म्हणून त्या टेबलाच्या खणात. त्या आहारतज्ज्ञ मुलीनं समजावून सांगितलं की एवढं वजन झपाट्यानं उतरलं की काही महिने केस गळतातच, ते बहुधा परत येतात; पण शरीराला आधी जगायचं असतं, त्याच्या हिशेबात केस आणि नखं शेवटी येतात, आणि तुम्ही तर त्याला जगण्यापुरतंही देत नाही आहात.

ती गेल्यावर मामी खुर्ची ओढून खाटेजवळ बसल्या. मी दारापाशी उभा होतो, बाहेर जावं की थांबावं कळेना.

"बोगनवेल छान फुलली होती," मामी म्हणाल्या. "मी शेजारणींना दाखवत होते."

मामांची बोटं चादरीची कड दुमडू लागली.

"अहो, चव आवडत नव्हती तर मला सांगायचं. मी ताकात घातली असती, धिरड्यात घातली असती. मला का नाही सांगितलं?"

मामा म्हणाले, "वजन उतरतंय याची सवय लागली होती मला. खाल्लं की परत वाढेन, पुन्हा सरोद लांब जाईल, असं वाटायचं." मग डाव्या हाताची बोटं त्यांनी चादरीवर उलगडून पाहिली. "लोक म्हणायचे, तो जाडा सरोदवाला. आता जाडा नाही. सरोदही राहिला नाही तर माझ्याबद्दल बोलताना लोक काय म्हणतील?"

"माझा नवरा म्हणतील," मामी म्हणाल्या. "तेवढ्यावर भागवा."

त्यानंतर मामींचा शांतपणा संपला म्हणा किंवा कामाला लागला म्हणा. मूग, पनीर, ताक, अंड्याचा पांढरा भाग, पावडरीची धिरडी. दोन-दोन घास, पण मामींच्या डोळ्यांदेखत. खाणं होईपर्यंत मामांना खुर्ची सोडायची मुभा नव्हती. बोगनवेल मामींनी गच्चीवर हलवली. बस्सीचं तेल मामांनी एकदाच लावलं, आणि त्याचा दर्प असा होता की मामींनीच ते फेकून दिलं. वर्ष उलटता उलटता डोक्यावर तान्ह्या बाळासारखी मऊ लव दिसू लागली. केस आले, पण ते पूर्वीचे नव्हते. विरळ, सरळ आणि बरेचसे पांढरे. मामांनी ते आखूडच ठेवले. ऑफिसातला शिपाई त्यांना नवे साहेब समजून उठून उभा राहिला, हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं. नखंही वाढली, पण पूर्वीचा टणकपणा काही आला नाही. जरा जोर दिला की कड उडायची. मग मामांनी नखांचा नाद सोडला आणि बोटांच्या पेरांनी तार दाबायला शिकायला घेतलं, नव्यानं, पहिल्या सुरापासून. पेरांना घट्टे पडले, फुटले, परत पडले. एवढी वर्षं हाताशी असलेला स्वर पुन्हा चाचपडत शोधायचा, हे त्या चळवळ्या माणसानं कसं सोसलं ते मला ठाऊक नाही. त्या वर्षीच्या गणपतीत ते श्रोत्यांत बसले होते, पाठीमागे, भिंतीला टेकून.

पुढे आम्ही जयपूर सोडलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर मामा आपणहून सरोद घेऊन बसले. मांडीवर तो आता अगदी नीट बसत होता. पेरांनी दाबलेल्या तारेचा आवाज नखासारखा लखलखीत येत नाही. जरा दबलेला, दूरच्या खोलीतून आल्यासारखा येतो आणि लवकर विझतो. पूर्वी जिथे सुरावरून सुरावर सरकत लांब मींड घेतली असती तिथे मामा आता थोडं थांबायचे. वाजवता वाजवता त्यांनी एकदा मान वर करून विचारलं, "ऐकू येतंय ना?" मी मान डोलावली. ही नीट ऐकू यावं म्हणून सोफ्यावरून उठली आणि खाली, त्यांच्या अगदी जवळ जाऊन बसली. मामी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. त्यांनी नळ बंद केला आणि हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. मामांनी डोळे मिटले आणि पुढे वाजवत राहिले.