आयाचं म्हणून दिलेलं गाणं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगते – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल.

माझं लहानपण केनियात गेलं. वडील रेल्वेत कारकून. मला सांभाळायला आया होती, याकू जमातीची. त्यांची भाषा बोलायला त्यांचीच माणसं तेव्हा लाजायची. आता ती येणारी हाताच्या बोटांवर मोजावीत. आया मला थोपटताना याकूत गायची. मी चौथी शिकले, लग्न होऊन पुण्याला आले, म्हातारपणी मुलाकडे सिंगापूरला, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये. आयाचं आता कुणाला काय पडलंय?

पडलं होतं. तिच्या पणतीनं इंटरनेटवर माझ्या मुलाला शोधून काढलं. ती गावातल्या पोरांसाठी याकूचा वर्ग चालवते. व्हिडिओ कॉलवर आली. स्वाहिली मला अजून येते; तीत म्हणाली, "आजी, माझी पणजी काय गायची?" सून, नातू, दोन शेजारणी – सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एरवी या घरात मला आमटीत मीठ किती, एवढंच विचारतात.

"आजी, सिंग लाह!" गा ना, असं नातू त्याच्या इथल्या इंग्रजीत म्हणाला.

आठवत काय होतं? तिचा हात. कपड्यांना नव्हे, तिच्या अंगालाच येणारा धुराचा वास. शब्द – एकही नाही.

मी गायले. चाल माझ्या आईच्या जात्यावरच्या ओवीची, शब्द तोंडाला येतील ते. पणती रडली. मला बरं वाटलं – नाही कशाला म्हणू?

मग तिनं व्हिडिओ पाठवला. पोरं टाळ्या वाजवत तेच गात होती. तेव्हा सांगता आलं असतं. पण खरी गोष्ट याच्याही पुढची आहे.

त्या वर्गात शिकवायला एक म्हातारा यायचा. त्याला ही भाषा खरी येते. तो म्हणाला, हे आपलं गाणं नाही, यात आपला एकही शब्द नाही. पणतीनं मला फोन केला, खरं काय म्हणून. त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. कुणापुढे तोरा मिरवायचा नव्हता. तरी मी म्हणाले, "वय झालं गं त्यांचं. विसरले असतील."

तिनं ते मानलं. वर्गात, पोरांसमोर, त्याला तसं सांगितलं.

तो आता शिकवायला येत नाही – हेही तिनंच मला कळवलं. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.