मिटलेले डोळे

मुलांनो, तुमच्याकडे येण्याच्या व्हिसासाठी फोटो काढायला मी खामगावच्या एका स्टुडिओत गेले होते. फोटोग्राफर पन्नाशीचा, कमी बोलणारा. नवा कॅमेरा तो फक्त लग्नांना नेई. दुकानात जुनाच वापरी, कारण नव्यात माणसाची सुरकुती न् सुरकुती दिसते, असं त्याचं म्हणणं.

माझ्या आधी अमडापूरची एक बाई आली होती. नवऱ्याच्या तेरवीला हार घालण्यासाठी तिला फोटो हवा होता. मोबाइलमध्ये त्याचा एकच फोटो होता आणि त्यात नेमके डोळे मिटलेले.

"सासू म्हन्ते, असा फोटो भिंतीवर लावायचा नाही," ती म्हणाली.

फोटोग्राफरने तिच्या दिराचा फोटो मागवून घेतला. दिराचे डोळे उचलून त्याने संगणकावर त्या चेहऱ्यात बसवले आणि रंग जुळवला. माउस हलवताना तो श्वास रोखून धरी. अर्ध्या तासाने त्याने पडदा तिच्याकडे वळवला. मला तरी कुठे जोड दिसला नाही.

ती बराच वेळ बघत राहिली.

"दादा, हे माह्याकडं पाहून राह्यले," ती हळूच म्हणाली, "पन मले ओयखून नाही राह्यले."

त्याने ते डोळे काढून टाकले. चेहऱ्यावरची सावली तेवढी उजळली आणि मिटल्या डोळ्यांचाच फोटो छापून तिच्या हातात दिला.

"सासूबाईले सांगजा, ताई," तो म्हणाला, "फोटोवाल्याले डोये उघडता आले नाही."