मोबाईलवरचे एकोणतीस अंश

मी मुळातच भित्री. त्यात आमच्या तळेगावच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहिणारी मी एकटीच उरले होते. सोबतचा प्रोग्रॅमर जास्त पगारावर हिंजवडीला गेला. पोल्ट्री शेडमधलं तापमान कॉम्प्युटरवर दाखवणारा आमचा प्रोग्रॅम मोबाईलवर आणायचं काम मग माझ्याच गळ्यात पडलं. मालक म्हणाले, "सगळं नको, महत्त्वाचं तेवढं घे." मी छोट्या पडद्यावर मावेल तेवढंच ठेवलं: तापमानाचा मोठा हिरवा आकडा.

ते ॲप सगळ्यात आधी घेतलं पवन मावळातल्या एका आबांनी. त्यांची शेड बंदिस्त, सगळी मदार पंख्यांवर. पंखे थांबले की पक्षी गुदमरून मरतात, म्हणून आबा आणि त्यांची बायको, म्हणजे मावशी, कधी जोडीनं कुठे गेलीच नव्हती. ॲप आलं आणि दोघं उर्से गावी भाचीच्या साखरपुड्याला निघाली. मलाही आग्रहाचं बोलावणं होतं.

पंगतीत आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाईल दाखवत होते. "हितं बसून शेड बगतोय. एकोनतीस!" मला आधी बरंच वाटलं. बुंदी झाली, मठ्ठा आला, तरी एकोणतीसच. ऐन उन्हाळ्याच्या दुपारी आकडा इतका वेळ जागचा हलत नाही. आकडा किती वाजताचा आहे ते सांगणारी ओळ कॉम्प्युटरवर तळाशी असते. मोबाईलवर जागा नव्हती म्हणून मी ती काढली होती. शेडची लाइट गेली आणि जनरेटर लागला नाही, तर पंख्यांबरोबर नेटही बंद पडणार, आणि मोबाईल मात्र शेवटचा चांगला आकडा दाखवत बसणार.

"आबा, हा आकडा जुना असेल," मी म्हणाले.

त्यांचा घास हातातच राहिला. मावशी भरल्या ताटावरून उठल्या. आबांनी शेडजवळच्या शेजाऱ्याला फोन लावला, तर तो मागच्याच पंगतीत जेवत होता.

पिकअपमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. मला डोळ्यांपुढे शेडभर आडवे पडलेले पक्षी दिसत होते. वळणावर पंख्यांची घरघर ऐकू आली आणि मला रडूच फुटलं. नुसतं नेट गेलं होतं. आतल्या कॉम्प्युटरवरही नेमके एकोणतीस.

आबा खो खो हसले. "मोबाईल बरुबर व्हता न्हवं? तुमी उगा घाबरवलं, ताई."

"आबा, योगायोग होता तो. मी दुरुस्त करेपर्यंत यावर विसंबू नका."

"व्हय, व्हय," म्हणत ते पक्ष्यांचं पाणी बघायला गेले.

मावशींनी डोळे पुसून माझा हात धरला. "उद्या माज्या म्हायेराला जातो दोगं. लय वर्सं झाली."

मी नको नको म्हणत राहिले. त्या हसत होत्या. ती ओळ परत बसवायची, नेट गेल्याचं मोबाईलला कळवायचं, सगळं तपासायचं, आणि करणारी मी एकटी. आणि दोघं सकाळच्या गाडीनं निघणार होती.