निरभ्र रात्रीची नोंद

शेजारच्या काकूंनी त्या रात्री काढलेली शून्यं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आम्ही ज्याची वाट पाहत होतो, तो उल्कावर्षाव मोठा लहरी. कधी येतो, कधी वर्षानुवर्षं फिरकत नाही. गणित 'कदाचित' म्हणत होतं, मी मात्र 'नक्की दिसणार' म्हणून त्यांना थंडीत पठारावर नेलं. पहाटेपर्यंत एकही उल्का दिसली नाही. लाजेपोटी मी निरीक्षणांच्या वहीत 'ढगाळ' असं लिहून टाकलं. वाट पाहणं मला जमतं; कुणी आलंच नाही, हे कबूल करणं जमत नाही.

काकूंच्या कागदावर मात्र तासातासाला एक गोल, ठसठशीत शून्य होतं.

"काही दिसलं नाही, तेही लिहायचं ना? पुढच्या गणिताला लागेल," त्या म्हणाल्या. मग शालीवरचं दव झटकत वर बघून हसल्या, "पण आभाळ काय स्वच्छ होतं हो रात्रभर!"

मी वही मिटली.