खिडकीतून गेलेल्या तीन फायली

नोकरीतली कितीतरी प्रकरणे मी विसरलो. पालिकेतल्या फायलींची चोरी मात्र विसरता आलेली नाही, आणि आठवली की आजही चिडचिड होते. आदिलाबाद जिल्ह्यातले एक शहर, तेलंगण वेगळे होण्याआधीचे आंध्र प्रदेशाचे दिवस. मी तिथल्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो.

पालिकेच्या हेडक्लार्कने लेखी तक्रार दिली की दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कपाटातून तीन फायली गेल्या. फायली गेल्या म्हणजे कंत्राटदाराचा हात, असे आमचे ठरलेले गणित. त्याने पैसे चारून शिपायाकडून त्या काढवल्या असतील, म्हणून दोन दिवस मी पालिकेच्या शिपायाला ठाण्यात बसवून रडकुंडीला आणले. फायली कसल्या होत्या, हे विचारायचेच राहिले. विचारले तेव्हा कळले, तिन्ही 'बालक व युवक समन्वय समिती'च्या. निराधार मुलांचे कागद कोण कशाला चोरेल?

तिसऱ्या दिवशी पालिकेमागे चहा विकणारी बाई ठाण्यात आली. म्हणाली, "साहेब, त्या शिपायाले सोडा. एक पोरगी दुपारची मागच्या खिडकीतून आत शिरते. हास्टेलाचा निळा ड्रेस असते तिचा."

दुसऱ्याच दुपारी आमच्या महिला कॉन्स्टेबलने तिला खिडकीखाली धरले आणि ठाण्यात आणले. तेरा वर्षांची, जैनथकडच्या खेड्यातली, सरकारी कल्याण वसतिगृहात राहणारी. मी आवाज चढवला. ती कोपऱ्यात आणखी सरकली. शेवटी कॉन्स्टेबलच मला म्हणाली, "सर, तुमी जरा मागं बसा." मग तिने मुलीला हात-पाय धुवायला लावले, भात वाढला आणि विचारले, "फायली काऊन नेल्या, बाई?"

"माही बहीण पायजे मले," मुलगी म्हणाली. "फायली तेलुगूत हायत. मले तेलुगू वाचता येत नाई. म्हणून हास्टेलात नेल्या, मैत्रीण वाचून दाखवते. त्यात बहिणीचं गाव नाई, म्हणून दुसऱ्या घ्याले आली."

"मग कचेरीत विचारायचं होतं!" मी मागून म्हणालो.

"इचारलं ना साहेब! पालिकेचे म्हणतात, दवाखान्यात जा. दवाखान्याचे म्हणतात, हास्टेलात इचार. हास्टेलच्या मॅडम म्हणतात, आमच्या रजिस्टरात फक्त तुहं नाव हाय."

हकीकत अशी निघाली. बाप आधीच गेलेला. चार महिन्यांपूर्वी आई सरकारी दवाखान्यात वारली. दोन्ही मुली वऱ्हांड्यात राहिल्या. दवाखान्याने पालिकेला कळवले. थोरलीला कल्याण खात्याने वसतिगृहात घेतले. तिथे तिसरीपासूनच्याच मुली घेत, म्हणून पाच वर्षांची धाकटी बालकल्याण खात्याच्या ताब्यात गेली. कोणत्या गावी, ते कोणालाच सांगता येईना.

मी तिन्ही ठिकाणची माणसे ठाण्यात बोलावली. प्रत्येकाने आपापला कागद दाखवला. प्रत्येकाचा कागद बिनचूक होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

"धाकटी कुठं आहे?"

"समितीच्या बैठकीत विषय ठेवतो, सर," हेडक्लार्क म्हणाला.

"बैठक कधी आहे?"

"कोरम झाला की."

"चार महिने कोरम होत नाही? का?"

तो टेबलाकडे पाहत म्हणाला, "पोलिसांचे प्रतिनिधी येत नाहीत, सर. त्यांच्याशिवाय कोरम धरत नाहीत."

ते प्रतिनिधी म्हणजे मीच. बैठकीच्या नोटिसा मी न वाचता 'पाहिले' म्हणून सही करून रायटरकडे, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणाऱ्या हवालदाराकडे, टाकत असे. पोरांच्या चहा-बिस्किटाच्या बैठका आमच्यासारख्यांसाठी नव्हेत, अशी माझी समजूत होती. आता रायटरला टपालाचा गठ्ठा काढायला लावला. अर्ध्या तासाने एक लिफाफा निघाला, न फोडलेला. आतला बालकल्याण खात्याचा आदेश तेलुगूत होता: धाकटी मंचेरियलच्या बालगृहात आहे, थोरली बहीण इथे असल्याने तिला परत आणावे, सोबत पोलीस द्यावा.

म्हणजे तिला परत आणण्याचा हुकूम झाला होता. तो माझ्या ठाण्यात पडून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी, कॉन्स्टेबल आणि ती मुलगी मंचेरियलला गेलो. बालगृहाच्या अंगणात धाकटी पळत आली, थबकली आणि "अक्का!" म्हणाली. चार महिन्यांत तिच्या तोंडी तेलुगू बसले होते.

"अक्का नाई, ताई म्हन," थोरली म्हणाली, आणि तिथेच मातीत बसून रडायला लागली.

परत आलो तर वसतिगृहाच्या मॅडमनी नियम पुढे केला: तिसरीच्या खालची मुलगी चालणार नाही. मी त्याच दुपारी समितीची बैठक भरवायला लावली आणि स्वतः जाऊन बसलो. कोरम झाला. नियमाला अपवाद करून धाकटीला बहिणीजवळ ठेवण्याचा ठराव दहा मिनिटांत झाला. दहा मिनिटांत! बाहेर पडताना हेडक्लार्कने विचारले, "सर, चोरीच्या तक्रारीचं काय?" फायली परत मिळाल्या, तक्रार राहिली नाही, असे त्याच्याकडून लिहून घेतले. शिपायाच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली. त्याच्या बायकोने बरेच सुनावले.

पुढे जिथे बदली झाली तिथे रोजचे टपाल मी स्वतः फोडले आणि मुलांच्या समितीची एकही बैठक चुकवली नाही. या प्रकरणाने शिकवले ते एवढेच की पोर हरवायला पळवून नेणारा लागतोच असे नाही. चार कचेऱ्या आपापले काम चोख करून एकमेकींकडे पाहीनाशा झाल्या की पुरते. ती पोर खिडकीतून आत शिरली नसती, तर तो लिफाफा माझ्या बदलीपर्यंत तसाच बंद राहिला असता.